धूळ बसवायला टँकरचं पाणी की कॅल्शियम क्लोराइड?

मुंबईत रस्त्याचं काम निघालं की डंपरमागची धूळ थेट शेजारच्या चाळीत, लहान मुलांच्या छातीत. टँकरचं पाणी स्वस्त, पण एप्रिलच्या उन्हात माती लगेच कोरडी. जास्त मारलं तर चिखल होतो. तो टायरला चिकटून हमरस्त्यावर येतो आणि वाळून पुन्हा धूळच.

कॅल्शियम क्लोराइड हे एक प्रकारचं मीठ. मातीवर टाकलं की ते हवेतला दमटपणा ओढून माती ओलसर ठेवतं. मुंबईची दमट हवा त्याला मानवते, टँकरच्या खेपा वाचतात. मात्र लोखंड गंजवतं. विमानतळावर नकोच, विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमलाही ते बाधतं.

उन्हाळ्यात डंपरच्या कच्च्या वाटेवर मी क्लोराइडच निवडेन. पाणी खोदकामापुरतं, तेही प्रक्रिया केलेलं सांडपाणी. पिण्याचं पाणी मातीत ओतणं मला पटत नाही. जूनपासून पावसात दोन्ही निरुपयोगी. तेव्हा उतारावर माती धरून ठेवायला काथ्याची जाळी हवी.