३-९×४० स्कोप, सात महिन्यांनंतर: खोक्यावर चार इंच, डोळ्यापाशी सव्वातीन

आधी तीन तारे दिले होते, आता चार. स्कोप (एअर रायफलवरची दुर्बीण; ३ ते ९ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं) तोच आहे. तो बसवण्यातली चूक उशिरा सापडली, म्हणून हे सविस्तर.

काच, नेम जुळवायच्या घुंड्यांचे क्लिक, धुकं न धरणं याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय, आणि ते खरं आहे. पैशाच्या मानाने काच चांगलीच आहे. तक्रार एकच, आय रिलीफची, म्हणजे चित्र पूर्ण दिसायला डोळा भिंगापासून किती अंतरावर हवा त्याची. खोक्यावर ‘४ इंच’ असा एकच आकडा छापलाय. ३ वर चित्र काठोकाठ भरलेलं. ९ वर नेलं की उलटं कंकणाकृती ग्रहण: मधे उजेडाची चकती, भोवती काळं कडं. गाल दस्त्यावर पुढे सरकवला की कडं जातं, पण मग मान अवघडते आणि दर नेमाला डोळ्याची जागा बदलते.

सर्व्हिसकडे पाठवला. तीन आठवड्यांनी ‘स्पेसिफिकेशननुसार’ अशी चिठ्ठी लावून परत आला, जाण्यायेण्याचा खर्च आपलाच. चिठ्ठी बरोबर होती, याचाच जास्त राग येतो. कोणत्या पॉवरला किती मिलिमीटर, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर पार्सल करायची वेळच आली नसती.

ते मोजायला फुटपट्टी आणि पांढरा कागद पुरतो. स्कोप रायफलवरून काढून उजळ आकाशाकडे धरायचा, सूर्याकडे चुकूनही नाही. डोळ्याकडच्या भिंगामागे कागद धरून पुढेमागे करायचा. कागदावर उजेडाची चकती दिसते. ती सर्वांत लहान आणि कडेला रेखीव होते, तिथे भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर म्हणजे आय रिलीफ. चकतीचा व्यास म्हणजे एक्झिट पुपिल. या स्कोपला ३ वर ९८ मिलिमीटर भरले, ९ वर ८४. म्हणजे छापलेले चार इंच फक्त खालच्या पॉवरचे. त्यात भिंग कडेच्या आत सुमारे ४ मिलिमीटर खोल बसवलेलं असतं. भुवईला लागायची ती कड, काच नव्हे. ९ वर कडेपासून ८०च उरले.

झूम फिरवताना आतली भिंगं सरकतात आणि उजेडाची ती चकतीही जागा बदलते. काही महाग स्कोपांत हा फरक जवळजवळ नसतो, या किमतीत असणारच. खरी अडचण मात्र १४ मिलिमीटरच्या फरकाची नाही. ९ वर चकती ४०÷९, म्हणजे ४.४ मिलिमीटरची. उन्हात डोळ्याची बाहुली २-३ मिलिमीटरची होते, म्हणजे चुकायला जागा उरते ती जेमतेम एक मिलिमीटर इकडे, एक तिकडे. ३ वर हिशोबाने १३.३, कागदावर ११ च्या आसपास. तिथे डोळा जरा इकडेतिकडे असला तरी खपतं. म्हणून ३ वर बघून स्कोप बसवला की चूक लपते आणि ९ वर उघडी पडते. इथे नेमकं तेच झालं होतं.

आता गंमत. पाचव्या महिन्यात ९ वरचं काळं कडं आपोआप गेलं. सवय झाली असं वाटलं, आणि या पानावर तसं लिहूनही झालं. ते वाक्य मागे. स्कोप धरणाऱ्या रिंगा रायफलवरच्या पट्टीला आवळलेल्या असतात; तिथले ओरखडे पाहिले तर अख्खा स्कोप ६ मिलिमीटर मागे सरकला होता. स्प्रिंगच्या एअर रायफलला धक्का दोन्हीकडे असतो: पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे, तो टोकाला पोहोचून थांबताना पुढे. या दुसऱ्या झटक्यात रायफल पुढे जाते, स्कोप जडत्वाने जागीच राहू बघतो, आणि ११ मिलिमीटरच्या गुळगुळीत पट्टीवर सैल रिंगा मागे घसरतात. म्हणजे माउंटच्या (रिंगा-पट्टीच्या) दोषाने बसवण्याची चूक दुरुस्त केली! तो तसाच मागे येत राहिला असता तर ९ वर डोळा फार जवळ पडून कडेला काळे, हलते डाग सुरू झाले असते.

यावर उपाय स्टॉप पिनचा. मागच्या रिंगेखालची पिन पट्टीवरच्या भोकात बसली पाहिजे. भोक नसेल तर मागे वेगळा स्टॉप ब्लॉक लावावा. पट्टी आणि रिंगांचे जबडे स्पिरिटने पुसून तेल काढावं. स्क्रू कचकचून आवळणं हा उपाय नाही. रिंगांच्या वरच्या टोप्यांना १५-१८ इंच-पाउंड, म्हणजे जेमतेम २ न्यूटन-मीटर पुरतात. त्यापलीकडे नळी चेपते आणि झूम जड होतो.

बसवायचा क्रम असा. रायफल रिकामी. टोप्या इतक्याच सैल की स्कोप हाताने सरकेल. आधी आयपीस (डोळ्याकडचा भाग) फिरवून क्रॉसहेअर (नेमाच्या आडव्या-उभ्या रेघा) तीक्ष्ण करून घ्यायचा, कारण आट्यांवर आयपीसच मागेपुढे होतो. झूम ९ वर. डोळे मिटून, नेहमी घालता तेच जाड कपडे घालून, रायफल खांद्याला लावून गाल टेकवायचा, मगच डोळे उघडायचे. कडं दिसलं तर डोकं हलवायचं नाही, स्कोप सरकवायचा. चित्र भरेल अशी सर्वांत पुढची जागा निवडावी. हेच पालथं झोपून आणि उभं राहून करावं. झोपल्यावर डोळा पुढे येतो, उभं राहिल्यावर मागे जातो. तडजोड करायची तर ज्या स्थितीत जास्त नेम धरता तिच्या बाजूने. शेवटी ओळंब्याच्या दोरीशी उभी रेघ जुळवून स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत.

चष्मेवाल्यांनी आणखी वजाबाकी करावी. चष्म्याची काच डोळ्यापुढे १२-१४ मिलिमीटर असते. ८० मधून ती गेली की काच आणि कड यांत ६५ च्या आसपास उरतात. एअर रायफलला ते भरपूर. जोराचा धक्का देणाऱ्या रायफलवर हा स्कोप चष्म्यासह लावू नये, भुवईवर अर्धचंद्र उमटेल. चढावर वर नेम धरताना तर जास्तच, कारण डोकं पुढे सरकतं. तिथे सर्वांत वरच्या पॉवरला ९० मिलिमीटरच्या खाली काही घेऊ नये. नऊ-दहा इंच आय रिलीफचे, डोळ्यापासून लांब बसवायचे स्काउट स्कोप हे त्याचं उत्तर नव्हे. आयपीस तेवढाच ठेवून अंतर वाढवलं की दृश्य अरुंद होतं.

पिन बसवल्यावर दोन महिन्यांत रिंगेशेजारची पेन्सिलची खूण जागची हललेली नाही. पाचवा तारा खोक्यावरच्या त्या एकट्या आकड्यासाठी कापलेलाच आहे.