सोल्डरिंग स्टेशन, दहा महिन्यांनंतर: मशीन चांगलं, वायर वाईट

गणपती बारा दिवसांवर आले होते आणि माझं सोल्डरिंग स्टेशन, म्हणजे ठरवलेलं तापमान धरून ठेवणारं सोल्डरिंगचं मशीन, बंद पडलं. टेबलावर त्या दिवशी दोन बेंजोचे ॲम्प, एका ऑर्केस्ट्राचा कीबोर्ड ॲम्प, चर्चमधल्या मुलांचा बेस ॲम्प आणि माझे अर्धवट वायरिंग झालेले गिटारचे दोन पेडल (पायानं दाबून आवाज बदलायचे डबे) पडून होते. सोलापुरात आमच्या धंद्याचे हंगाम दोनच. एक जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आसपास आणि दुसरा गणपतीचा. हंगामात हत्यारानं दगा दिला की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, आणि एकदा गेलेलं सहजासहजी परत येत नाही.

मशीनचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्याची मशीनं दहा नावांनी मिळतात. ६० वॅट, २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, समोर डिजिटल आकडा, ९०० एम जातीचे बिट, म्हणजे सोल्डर करायची तापणारी टोकं. घेणाऱ्यांना हे सगळं पाठ असतं, म्हणून स्पेक्स परत मांडत बसत नाही. मी नोव्हेंबरमध्ये २,९०० रुपयांना घेतलं. त्याआधी आठ वर्षं सगळं काम सोल्ड्रॉनच्या २५ वॅटच्या साध्या आयर्नवर केलं होतं, त्यामुळे २,९०० हा आकडा मला सोपा नव्हता.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो. माझा गाळा साखर पेठेच्या बाजूला, दोन्ही अंगांना यंत्रमाग. सकाळी माग एकदम सुरू झाले की लाइन २३० व्होल्टवरून २०० वर येते. साध्या आयर्नची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे २५ वॅटचं आयर्न त्या वेळी १९ वॅटचं होतं. वर डोक्यावर पंखा. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पंखा बंद ठेवून कुणी काम करून दाखवावं. तर अशा वेळी साध्या आयर्ननं जाड वायरला हात लावला की सोल्डर नुसतं पिठासारखं गोळा व्हायचं, जॉइंट वरून चिकटलेला आणि आतून कोरडा. आठ दिवसांनी गिऱ्हाईक परत दारात: "अण्णा, परत खरखर करायलाय बघा." स्टेशन आल्यापासून हा प्रकार थांबला. ६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर वायर १८३ अंशांना वितळते, मी आकडा ३३० वर ठेवतो, आणि माग चालू असोत की बंद, तो आकडा हलत नाही. दहा महिन्यांत ड्राय सोल्डरमुळे परत आलेला माझ्या हातचा एकही पेडल नाही. पैसे वसूल झाले ते इथे.

पेडलच्या फूटस्विचचंही तेच. नऊ पायांचा थ्री-पीडीटी स्विच ज्यांनी सोल्डर केलाय त्यांना माहीत आहे की पाय जास्त वेळ तापवला की आतलं प्लॅस्टिक सैल होतं, स्विच वरून टक-टक वाजतो आणि आत कॉन्टॅक्ट लागत नाही. जुन्या आयर्नवर मी दहात एक स्विच तरी घालवायचो. एका स्विचला सव्वाशे रुपये. आता एका पायाला दोन सेकंद, मग एक पाय सोडून पुढचा, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. गेल्या दहा महिन्यांत एकही स्विच गेला नाही.

आता वायर. स्टेशनच्या डब्यापासून हँडलपर्यंत जी केबल येते, तिच्याबद्दल बोलायचंय, आणि पोटभर बोलायचंय. साधी पीव्हीसीची, काठीसारखी ताठ केबल आहे. डिसेंबरात सकाळी गाळा उघडल्यावर ती इतकी कडक असायची की हँडल स्टँडमध्ये ठेवलं की केबलच्या पिळानं ते आपोआप फिरायचं. बारीक काम करताना मनगट एकीकडे आणि केबल दुसरीकडे ओढते. दिवसभरात शंभर-दीडशे जॉइंट होतात, आणि संध्याकाळी दुखतं ते केबलशी झुंजलेलं मनगट. मेमध्ये उलट. केबल नरम पडली आणि एकदा गरम बिटला टेकून तिचं साल वितळलं. ज्या केबलच्या टोकाला ३३० अंशांचं टोक आहे, ती केबल उष्णतेनं वितळणारी द्यायची, हे मला अजूनही पटत नाही.

फेब्रुवारीत या केबलनं माझा जीव घाबरा केला. कॉलेजमधल्या एका मुलाचा १५ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प उघडा होता, दोन ईएल-८४ वाला. अशा ॲम्पचे फिल्टर कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसतात. मी ते नेहमीप्रमाणे रेझिस्टर लावून उतरवले होते, मीटरवर शून्य बघितलं होतं, म्हणून निभावलं. हँडल स्टँडमध्ये ठेवून मी मागे वळलो, तेवढ्यात केबलनं ते बाहेर ओढलं आणि तापलेला बिट सरळ चॅसीमध्ये, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्यात, पडला. दोन वायरींचं इन्सुलेशन जळालं. चूक माझी नव्हती तरी मी त्या मुलाला ते वायरिंग फुकट बदलून दिलं.

तर ऑगस्टमध्ये डिस्प्लेवर आकड्याच्या जागी एस-ई आलं. सेन्सर एरर. केबल हँडलजवळ जरा वाकवली की आकडा परत यायचा, सोडली की एस-ई. सर्व्हिसला फोन केला.

"सर, एस-ई म्हणजे हीटर गेला. पूर्ण हँडल बदलावं लागेल."

"अहो, केबल हलवली की आकडा येतो. हीटर गेला असता तर आला असता का?"

"सर, आम्ही केबल वेगळी देत नाही. हँडल ९५० रुपये, कुरिअर वेगळं. तुमची वॉरंटी सहा महिन्यांची होती."

तीन दिवसांत चार फोन झाले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी हेच उत्तर. २,९०० च्या मशीनला दहाव्या महिन्यात ९५० रुपये, आणि नवीन हँडलला परत तीच ताठ केबल. मी नाही म्हणून सांगितलं आणि जुनं सोल्ड्रॉन काढलं. हंगामातली सहाही कामं त्याच्यावर उरकली, रात्री माग बंद झाल्यावर, लाइन पूर्ण २३० असताना.

आणखी दोन तक्रारी त्याच रागात लिहून ठेवतो. एक, हे मशीन ६० वॅटचं म्हणतात, पण पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाच्या) पाठीवर अर्थिंगची वायर सोल्डर करायला गेलं की दम टाकतं. दुसरी तक्रार मशीनची नाही, पण या वर्षाच्या खर्चात ती आहे. पुण्याहून मागवलेल्या बीएस-१७० मॉसफेटच्या (हा ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) दहा नगांपैकी सात नग बूस्टर पेडलमध्ये लावल्या लावल्या मेले. लॉटच खराब होता. दुकानदाराशी कडक शब्दांत बोलावं लागलं, तेव्हा कुठे त्यानं पैसे परत केले.

इथपर्यंत ऑगस्टमध्ये लिहिलं होतं. विसर्जन झालं, कामाचा रेटा ओसरला आणि एका दुपारी मी हँडल उघडायला घेतलं. वरच्या लिहिण्यातलं काही आता खरं राहिलेलं नाही, पण खोडत नाही. पुढचं वाचा.

हँडलमध्ये केबलच्या पाच वायरी येतात. दोन हीटरच्या, दोन सेन्सरच्या आणि एक अर्थिंगची, जी बिटपर्यंत जाते. केबल जिथे हँडलमध्ये शिरते, तिथे रबरी बुडापाशी मी एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढली. धड वायर ओढली की ताठ राहते. सेन्सरची एक वायर रबरासारखी लांबली. वरचं साल शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. म्हणजे हीटर चांगला होता, मी फोनवर म्हणत होतो तेच.

मग हिरवी वायर ओढली. तीही लांबली.

मी दोन मिनिटं तशीच ती वायर धरून बसलो होतो. हिरवी म्हणजे अर्थिंग. सेन्सरची वायर तुटली तर मशीन ओरडून सांगतं. अर्थिंगची तुटली तर काहीच सांगत नाही, आकडा बरोबर येतो, बिट तापतो, सोल्डर सुरेख बसतं. सेन्सरच्या वायरीला तात्पुरता टाका मारून मशीन चालू केलं, मल्टिमीटर एसीवर लावला, एक प्रोब बिटला आणि दुसरा अर्थिंगला. ४७ व्होल्ट. अंगाला जाणवणार नाही असा करंट, पण मॉसफेटच्या तीन पायांपैकी गेट नावाचा जो पाय, त्याच्या आतला ऑक्साइडचा थर अतिशय पातळ असतो. बीएस-१७० च्या गेटला वीस व्होल्टच्या वर चालत नाही. आणि मी त्याच बिटनं गेटचा पाय सोल्डर करत होतो, ज्या बोर्डचा ग्राउंड माझ्या बेंचच्या सप्लायमधून अर्थिंगला जोडलेला होता.

खराब लॉट नव्हता. सात मॉसफेट मी मारले होते. ज्याच्याकडून पैसे परत घेतले, त्या माणसाचा काही दोष नव्हता.

पुढच्या आठवड्यात सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो. तपकीर गल्लीत पाच कोरची सिलिकॉन केबल शोधली, मीटरवर मिळाली. मग त्या दुकानात गेलो, दहा बीएस-१७० चे पैसे काउंटरवर ठेवले आणि जे झालं ते सांगितलं. माझं त्या वेळचं बोलणं चुकीचं होतं, हेही सांगितलं. ते म्हणाले, "अहो, आयर्नचं अर्थिंग बघा म्हणून मी तुम्हाला फोनवरच बोललो होतो. तुम्ही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता." खरं आहे, बोलले होते. मला आता आठवतं. पैसे घेतले आणि चहा पाजला. संध्याकाळच्या हुतात्मानं परत आलो.

केबल बदलायला पाऊण तास लागला. जुनी काढण्याआधी पाच वायरी कुठून कुठे जातात त्याचा फोटो काढून ठेवा, कारण रंग जुळत नाहीत. हँडलच्या तोंडाशी केबलला गाठीसारखा टाय मारा, म्हणजे ओढ सोल्डरवर न येता टायवर येईल. काम झाल्यावर बिटपासून प्लगच्या अर्थिंगच्या पिनपर्यंत रेझिस्टन्स मोजा. माझा १.२ ओहम आला. आता दर सोमवारी गाळा उघडला की पहिलं काम हेच, दहा सेकंदांचं. भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंगही त्याच वेळी तपासतो, कारण जुन्या पेठांतल्या गाळ्यांत सॉकेटला तीन भोकं असली तरी तिसऱ्याच्या मागे वायर असेलच असं नाही. त्यानंतर अकरा बूस्टर बांधले. एकही मॉसफेट गेला नाही.

सिलिकॉनची केबल हातात घेतल्यावर पहिल्या दिवशी मला मशीनच बदलल्यासारखं वाटलं. दोऱ्यासारखी लोळते. हँडल ठेवलं तिथे राहतं. गरम बिट लागला तरी वितळत नाही. मनगट दुखायचं थांबलं आहे. इतका फरक एका केबलनं पडतो, आणि ती पहिल्यापासून द्यायला बनवणाऱ्याला किती जास्त लागले असते? मला किरकोळीत मीटरचे २२० रुपये पडले. दीड मीटर लागली, म्हणजे ३३०. त्यांना ९५० द्यायचे होते, परत त्याच ताठ केबलसाठी.

६० वॅटच्या तक्रारीबद्दलही मत बदललंय. मशीनबरोबर आलेला बिट सुईसारखा टोकदार होता आणि मी सगळं काम त्याच्यावरच करत होतो. टोकाला पृष्ठभागच नसतो, मग उष्णता जाणार कुठून? २.४ मिलिमीटरचा छिनीसारखा चपटा बिट पुण्याहून आणला, ८० रुपयांना. तोच आकडा, तेच मशीन, आणि पॉटच्या पाठीवर सोल्डर चार सेकंदांत पसरतं. स्टीलच्या चॅसीला थेट सोल्डर करायचं असेल तर मात्र याचं काम नाही, त्यासाठी १०० वॅटचं आयर्न लागतंच. बिट ओल्या स्पंजवर दर वेळी चर्रर्र करू नका, पितळेच्या जाळीत पुसा. आणि बंद करताना टोकावर सोल्डरचा थेंब राहू द्या. माझा पहिला बिट तीन महिन्यांत काळा पडला होता, आताचा अजून चकचकीत आहे.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे फझ (गिटारचा आवाज फाटका करणारे पेडल) बनवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९६६ च्या फझ फेससारखी सर्किटं मला मनापासून आवडतात, पण जर्मेनियममधून होणारी करंटची गळती तापमान दहा अंश वाढलं की साधारण दुप्पट होते. आकडा ३०० वर आणला, ट्रान्झिस्टरच्या पायाला उष्णता शोषायला क्रोकोडाइल क्लिप लावली, तर स्टेशननं एकही ट्रान्झिस्टर भाजला नाही. बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरचं कामाचं व्होल्टेज, मात्र मेमध्ये सेट करू नका. मी केला, आणि जूनमध्ये पाऊस पडल्यावर त्याच पेडलचा आवाज घोगरा झाला. आता बायसचा ट्रिमपॉट (स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचा छोटा पॉट) बाहेरून फिरवता येईल असं भोक ठेवतो.

परत घेईन का? घेईन, हेच. २,९०० अधिक केबलचे ३३० अधिक बिटचे ८०, म्हणजे ३,३१०. या पैशांत एवढं स्थिर तापमान दुसरीकडे मिळत नाही. पण डबा उघडल्या दिवशीच केबल बदलेन, वॉरंटी गेली तरी चालेल. ज्यांच्याकडे हे मशीन आधीच आहे त्यांनी आज संध्याकाळी मीटर लावून बिट आणि अर्थिंगची पिन तेवढी मोजावी.

मी पुण्याहून मुद्दाम चार मीटर जास्तीची केबल आणून ठेवली आहे. सोलापुरात कुणाला बदलायची असेल तर हँडल घेऊन गाळ्यावर या. केबलचे २२० रुपये मीटरनं द्या, टाके मी मारून देतो.