कबड्डी खेळ, मग बीजीएमआय काय?

कबड्डीत चढाईला 30 सेकंद. तेवढ्यात दम, पाय, नजर सगळं पणाला लागतं. बीजीएमआय या मोबाइलवरच्या नेमबाजीच्या गेममध्ये चौघांच्या संघाला पळायचं नसतं, पण नजर आणि अंगठ्याचा मेळ चुकला की खेळ खल्लास. कागदोपत्री वाद मिटलाय: डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे अशा गेमच्या स्पर्धांना, बहुक्रीडा स्पर्धांत धरलं, 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये पदकंही होती. आमच्या मते खेळच, अंगमेहनतीचा मात्र नव्हे.

कबड्डीत गुडघा जातो, इथं मनगट. शिवाय मराठवाड्यातला मे महिना! पत्र्याच्या खोलीत फोन तापतो, प्रोसेसर आपसूक वेग कमी करतो, पडद्यावर सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे फ्रेम, 60 वरून घसरतात, नेम हुकतो. चार्जिंगला लावून खेळलात तर आणखी लवकर. आधी चार्ज करा, कव्हर काढा, पंख्यासमोर बसा.