हाय-लोच्या लिफ्टमध्ये काय भरायचं, लाल एटीएफ की एडब्ल्यू ३२?

अमेरिकेत जुना हाय-लो ट्रेलर स्वस्तात मिळतो, ओढताना बुटका आणि कॅम्पवर पोचल्यावर बटण दाबलं की हायड्रॉलिक लिफ्टने छपरासकट वरचा अर्धा भाग वर सरकतो, त्यामुळे छोट्या एसयूव्हीवाल्यांना मोह होतोच. पण ओहायोतल्या बटलरची ही कंपनी २०१० मध्ये बंद पडली, म्हणजे डीलरला फोन करून विचारायची सोय नाही, लिफ्टमध्ये कुठलं ऑइल घालायचं ते मालकानेच ठरवायचं. पंपावर स्टिकर शाबूत असेल किंवा मॅन्युअल हातात असेल तर त्यात लिहिलंय तेच घाला, पुढचं वाचायची गरज नाही. स्टिकर उडालाय आणि मॅन्युअल आधीच्या मालकाकडेच राहिलंय, त्यांच्यासाठी हे: लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, की एडब्ल्यू ३२, म्हणजे हायड्रॉलिक मशिनांचं ऑइल.

जाडीच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नाहीये. एडब्ल्यू ३२ म्हणजे ४० डिग्री सेल्सिअसला साधारण ३२ सेंटीस्टोक (ऑइलची जाडी मोजायचं एकक), आणि जुन्या डेक्सरॉन थ्री प्रकारचं एटीएफ त्याच्याच आसपास. खरा फरक थंडीत कळतो. मिशिगन-मिनेसोटात ऑक्टोबर-नोव्हेंबरला पहाटे छप्पर खाली घ्यायला गेलात की ते नुसतं रेंगाळतं, कारण खाली येताना पंप ढकलत नाही, छपराच्या वजनानेच ऑइल टाकीत परत जातं आणि गार ऑइल खोबरेल तेलासारखं आळसावलेलं असतं. इथे एटीएफ पुढे आहे, ते गोठवणाऱ्या थंडीतही गाडीच्या गिअरबॉक्समध्ये नीट वाहावं असं बनवलेलं असतं. साधं एडब्ल्यू ३२ त्या मानाने लवकर जड होतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र उलटं. हा मुद्दा लोक विचारातच घेत नाहीत, ट्रेलर सात-आठ महिने अंगणात उभा असतो, टाकीला हवा लागते, दिवसरात्रीच्या तापमानाने आत दव धरतं. चांगलं एडब्ल्यू ऑइल पाणी सोडून देतं, ते तळाशी बसतं आणि काढून टाकता येतं. एटीएफमधल्या डिटर्जंटमुळे पाणी ऑइलमध्येच मिसळून राहतं आणि एक दिवस टाकीत स्ट्रॉबेरी मिल्कशेक दिसतो. तसं दिसलं तर टॉप-अप करत बसू नका, सगळं काढून बदला. म्हणजे एटीएफ घातलंत तर दर सीझनच्या सुरुवातीला पांढऱ्या पेपर टॉवेलवर एक थेंब टाकून बघायची सवय ठेवा: स्वच्छ लाल असेल तर ठीक, तपकिरी आणि जळका वास म्हणजे बदला, गुलाबी-दुधट म्हणजे पाणी.

लाल रंगाचा अजून एक फायदा, गळती लगेच दिसते. एडब्ल्यू जवळजवळ बिनरंगी, ट्रेलरखाली पावसाचं पाणी आहे की होज गळतोय हे बोट लावल्याशिवाय कळत नाही.

मिळण्याच्या दृष्टीनेही एटीएफच सोपं. वॉलमार्टमध्ये रात्री नऊ वाजता एक क्वार्टची बाटली मिळते, एडब्ल्यू ३२ बहुतेक करून ट्रॅक्टरच्या दुकानात पाच गॅलनच्या बादलीत, आणि लिफ्टच्या टाकीला एवढं ऑइल लागतच नाही, बाकीचं गराजमध्ये धूळ खात बसतं. तिथेच कुणी स्वस्तातलं '३०३' ट्रॅक्टर फ्लुइड सुचवलं तर नको म्हणा. ते ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीचं जुनं स्पेसिफिकेशन, व्हेलच्या तेलावर चालायचं, सत्तरच्या दशकात अमेरिकेत व्हेल तेलावर बंदी आली तेव्हाच ते कालबाह्य झालं, नावाला मात्र बादलीवर राहिलं. आणि ब्रेक फ्लुइड तर एक थेंबही नको, ग्लायकॉलवालं असतं, पंपाचे रबरी सील फुगून खराब होतात.

मग निवडायचं कसं? आत आधीच लाल असेल तर लालच ठेवा, बिनरंगी असेल तर एडब्ल्यूच. थोडं मिसळलं म्हणून दुसऱ्या दिवशी काही फुटत नाही, पण कुठलं ऑइल किती खराब झालंय याचा पत्ताच लागत नाही. सगळं रिकामं करून नव्याने भरणार असाल आणि थंडीत कॅम्पिंग करत असाल तर मी एटीएफच म्हणेन. टेक्सास-ॲरिझोनाच्या उन्हात, एका जागी जास्त उभा राहणारा ट्रेलर असेल तर एडब्ल्यू ३२ जास्त शहाणपणाचं. छप्पर रात्रीतून इंचभर खाली सरकतंय म्हणून त्याहून जाड एडब्ल्यू ४६ घालणारे आहेत, पण ते दुखणं बहुतेक वेळा सील किंवा व्हॉल्व्हचं, जाड ऑइलने चार दिवस झाकलं जातं एवढंच. आणि लिफ्ट हळू वर जातेय म्हणून ऑइलला शिव्या घालण्याआधी पंप चालू असताना बॅटरीवर मीटर लावा, व्होल्टेज धाडकन पडत असेल तर ऑइलचा काही दोष नाही.

लेव्हल नेहमी छप्पर पूर्ण खाली असतानाच बघायची. वर असताना अर्धं ऑइल सिलिंडरमध्ये असतं, टाकी रिकामी वाटते, माणूस ओततो, आणि छप्पर खाली आलं की सगळं फरशीवर. वर असताना आत डोकं घालून काही करायचं असेल तर आधी पक्का आधार लावा, नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा ठेवू नका.

काढलेलं एटीएफ बरीच ऑटो पार्ट्सची दुकानं फुकट घेतात, हायड्रॉलिक ऑइल घेतात का ते आधी फोन करून विचारा, आणि दोन्हींत अँटीफ्रीझ वगैरे मिसळलेलं असेल तर परत पाठवतात.