मशेरी, मंजन की पेस्ट? घरात काय ठेवावं

निपाणी-चिकोडीकडे एकाच घरात तोंड धुण्याचे तीन प्रकार सहज सापडतात. म्हातारी मशेरी लावते, तिचा लेक लाल मंजन बोटाने फिरवतो आणि नातवंडं पेस्टचा फेस काढत अंगणभर हिंडतात. सगळ्यांसाठी एकच काहीतरी ठरवायचं असेल, तर कशाने काय होतं ते बघू.

आधी मशेरी, कारण निपाणी भागच तंबाखूचा. चुरा घरी यायला वेळ लागत नाही. तव्यावर भाजायला घेतला की शेजारच्या घरापर्यंत ठसका जातो, मग ती काळी पूड डबीत भरून कोनाड्यात. लावणाऱ्या बायका दोन गोष्टी हमखास सांगतात: मशेरीशिवाय पोट साफ होत नाही आणि दाढेचा ठणका हिनेच थांबतो. त्यांचा अनुभव खोटा नाही. निकोटीनने आतड्याला चालना मिळते आणि एकदा सवय लागली की शरीर रोज तेच मागतं. ठणकाही घटकाभर दबतो, पण दाढ आतून किडायची थांबत नाही. वर हिरड्या मागे सरकतात, गालाच्या आतून पांढरे चट्टे येतात, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. गरोदरपणात लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याची भीती असते. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? थोडक्यात, मशेरी या तुलनेत बसतच नाही. ती दात घासण्याची वस्तू नव्हे, तंबाखूचं व्यसन आहे. पण म्हणून म्हातारीची डबी फेकून देऊ नका. एकाएकी बंद केली की डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि दुसऱ्या दिवशी नवी डबी येते. तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर असतो, तिथे फोन लावून द्या.

मंजनाची बाजू तशी बरी. लवंग, सुंठ, मिरी असली की तोंडाला तरतरी येते, पैसेही कमी लागतात. अडचण दोन ठिकाणी आहे. बहुतेक मंजनांत फ्लोराइड नसतं, आणि बोट दातांच्या फटीत शिरत नाही. राखुंडी किंवा मीठ-कोळशाची जाडीभरडी पूड तर सोडूनच द्या. दात पांढरे दिसतात ते वरचं आवरण घासलं जातं म्हणून. कडुलिंबाची काडी शेतावर असताना उत्तम, चावून कुंचा नीट केला तर पुढचे दात छान स्वच्छ निघतात. मागच्या दाढांची आतली बाजू मात्र कितीही तोंड वाकडं केलं तरी राहतेच.

म्हणून माझं मत पेस्टला. तेही तिच्यातल्या फ्लोराइडसाठी. लवंग, मीठ, काळा कोळसा ही सगळी जाहिरातीची करामत. तोंडातल्या आम्लाने दाताच्या आवरणातली खनिजं विरघळतात, ती परत बसवायला फ्लोराइड मदत करतं. घेताना खोक्यावर फ्लोराइडचा १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपासचा आकडा बघा. आणि घासून झाल्यावर आपल्याकडे खळखळून चार चुळा भरतात ना, ते टाळा. फेस थुंकला की पुरे, म्हणजे फ्लोराइड थोडा वेळ दातांवर राहतं. तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात तेवढी कुणालाच लागत नाही.

ब्रश कडक की मऊ? मऊच. मशेरी सोडलेली माणसं डाग काढायला मुद्दाम कडक ब्रश मागतात आणि जोर लावून आडवं घासतात. वर्षा-दोन वर्षांत हिरडीलगत कुऱ्हाडीने घाव घातल्यासारखी खाच पडते, मग गार पाणी लागलं की कळ मस्तकात जाते. डाग डॉक्टरांकडून काढून घ्या. केस फाकले की ब्रश बदला, नाहीतर तीन महिन्यांनी तरी बदलाच.

सकाळ की रात्र, हा प्रश्न खरं तर पेस्टच्या ब्रँडपेक्षा मोठा. दोन्ही वेळा, दोन-दोन मिनिटं घासावेत हे बरोबरच. पण एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची धरा. झोपेत लाळ कमी सुटते आणि दाढेत अडकलेलं तिथेच आंबत राहतं. आपल्या खाण्यात तर गोकाकचं करदंट आहे. गूळ आणि डिंकाचा तो तुकडा दाढेच्या खाचेत जाऊन बसला की जिभेने काही निघत नाही. त्यामानाने बेळगावचा कुंदा लवकर विरघळतो. तरी किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. दर गोड घासानंतर साधारण अर्धा तास तोंडात आम्ल राहतं. करदंट जेवणाबरोबर एकदाच खाऊन टाका, दुपारभर येता-जाता मोडू नका. दिवसाच्या सहा गोड चहांनाही हाच हिशोब लागू.

फटीतलं काढायला पिन, काडेपेटीची काडी, कानातल्याची तार हे सगळं बंद. दात जवळजवळ असतील तर फ्लॉसचा दोरा, म्हातारपणी फटी रुंदावल्या असतील तर फटीत जाणारा बारीक ब्रश. माउथवॉश आणि मिठाचं कोमट पाणी यांत रोजच्यासाठी दोन्ही नसली तरी चालतील. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनचं गुळण्यांचं औषध दिलं असेल तर सांगितलेल्या दिवसांपुरतंच वापरा, नाहीतर दात तपकिरी होतात.

राहिलं 'क्लिनिंग केल्यावर दात हलतात' हे. किटण चढून चढून दातांना लिंपून बसलेलं असतं. ते काढलं की आधीच सैल झालेला दात उघडा पडतो आणि दोष डॉक्टरांच्या माथी बसतो. हिरडीतून रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावायचा सोडणंही उलटंच. मऊ ब्रशने दोन आठवडे नीट घासूनही थांबलं नाही तर दाखवा. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. अशा कॉलेजात शिकणारी मुलं सरांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त जातो, खर्च मात्र खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो. शुगरची गोळी चालू असेल तर रिपोर्ट बरोबर न्या. सुजलेल्या हिरड्यांमुळे शुगरही आटोक्यात यायला त्रास देते, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.