बसून चालवायची मिनी सायकल: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

दोन पेडलं, मधला दांडा, तो आवळणारी वरची मूठ आणि एक छोटा मीटर, एवढंच हे यंत्र. वजन अडीच-तीन किलो, किंमत दोन हजारांच्या आसपास. सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याच्या घरात जूनपासून रोज वापरात आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. गुडघे मोकळे राहायला, बसून बसून आलेली पायांची सूज उतरायला आणि शेवाळलेल्या रस्त्यांच्या दिवसांत फिरण्याची सवय पार मोडू नये यासाठी उत्तम. तोल सुधारायला मात्र जवळजवळ निरुपयोगी, आणि हे खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं.

सर्वांत जास्त घोळ जोडणीत होतो. पेडलांच्या दांड्यावर ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेलं असतं. उजवं पेडल घड्याळाच्या दिशेने आवळतं. डाव्याचे आटे उलटे, ते घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळायचं. रस्त्यावरच्या सायकलचंही असंच असतं. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या. अर्ध्या फेऱ्यातच अडकलं तर पेडल तिरकं बसलंय. काढून परत लावा. पाना घालून जोर केला की आतले आटे कापले जातात, पेडल डुगडुगायला लागतं आणि आठवड्याभरात गळून पडतं. तो भाग सुटा मिळणं मुश्कील, म्हणजे अख्खं यंत्रच बाद. नीट बसलेली पेडलंही वापराने सैल होतात, पंधरवड्याला एकदा आवळून घ्यावीत.

दुसरी तक्रार सगळ्यांचीच: गुळगुळीत फरशीवर यंत्र पुढे पळतं. यंत्राखाली सतरंजी घातली तर ती यंत्रासकट सरकते. कारण साधं आहे. पाय यंत्राला पुढे ढकलतात आणि तितक्याच जोराने खुर्चीला मागे. म्हणून यंत्र आणि खुर्चीचे पुढचे पाय एकाच रबरी मॅटवर ठेवायचे. दोन्ही जोर मॅटमध्येच जिरतात. शिवाय यंत्राचा मागचा आडवा दांडा खुर्चीच्या पुढच्या पायांना जाड नाडीने बांधला की प्रश्न मिटला. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, हातांची, बिनचाकाची, पाठ भिंतीला टेकवलेली. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची नको, तिचे पाय फाकतात.

खुर्ची किती लांब ठेवायची यावर गुडघ्याचं सुख अवलंबून आहे. पेडल सर्वांत लांब गेलेलं असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, ताठ होऊ नये. खुर्ची फार जवळ असेल तर गुडघा पोटाकडे येतो आणि वाटीच्या मागे दुखायला लागतं. ‘सायकलने गुडघा बिघडला’ म्हणणाऱ्यांची खुर्ची आधी चार बोटं मागे सरकवून पाहा, बरेचदा तेवढ्यानेच भागतं. गुडघा पूर्ण फेरा घेत नसेल तर जबरदस्ती नको. अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे असं झुलवत राहावं, काही दिवसांत फेरा पुरा होतो. सांधा बदललेला असेल तर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात. विशेषतः खुब्याच्या बाबतीत, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत तो किती वाकवायचा याला मर्यादा असते.

पायात मऊ तळव्याचे बूट हवेत. अनवाणी पायाला पेडलाच्या कडा रुततात आणि स्लिपर पेडलाच्या पट्ट्यातून निसटते. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पट्टा कुठे घासला हे कळतच नाही, तेव्हा दर वेळी बूट-मोजे काढून पावलं बघायची. साखर एकदम उतरवू शकणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी बसू नये आणि चार बिस्किटं हाताशी असावीत. एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखत असेल तर सायकल बंद, थेट डॉक्टर.

पहिला आठवडा मूठ पूर्ण सैल ठेवून सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं. पुढे दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवत पंधरा-वीसपर्यंत. वेग मिनिटाला 40 ते 60 फेरे. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागला की पुरे. नाडी मोजून जोर ठरवायचा म्हणाल तर रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (हृदयाची गती मंद ठेवणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढतच नाही, तो आकडा फसवा.

मूठ आवळली की आतला पट्टा दांड्याला घासतो, त्यातून जडपणा येतो. दहा मिनिटांनंतर तो भाग हाताला चटका बसेल इतका तापतो, नातवंडांना लांब ठेवा. कुरकुर थांबवायला तिथे शिलाई मशीनचं तेल सोडू नका. कुरकुर जाते आणि जडपणाही जातो. तेल द्यायचं ते पेडलाच्या दांडीला, एकच थेंब.

मीटरवरच्या कॅलरी विसरा. मीटर फक्त फेरे मोजतो, मूठ किती आवळली आहे हे त्याला ठाऊकच नसतं. वेळ बघायला तो ठीक. अचानक शून्य दाखवू लागला तर सेल बदलण्याआधी मागची वायर निसटली नाही ना ते बघा.

टेबलावर ठेवून हातांनीही फिरवता येतं म्हणतात. यंत्र डगमगतं आणि तेवढ्याच मेहनतीला हातांच्या व्यायामात रक्तदाब जास्त चढतो. आम्ही बंद केलं.

आता मूळ मुद्दा. बसलेल्या माणसाचं वजन खुर्चीवर असतं, त्यामुळे हाडांवर भार येत नाही आणि तोलाला काहीच काम नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत 65 वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या मध्यम हालचालीखेरीज तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस सांगितले आहेत. सायकल त्यातली मिनिटं भरून काढते, बाकीचं नाही. ती बंद केल्यावर दोन मिनिटं थांबून त्याच खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठा-बसा कराव्यात. छातीवर हात बांधून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते महिन्याला मोजावं: 70 ते 74 वयात बायकांना 10 आणि पुरुषांना 12 पेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका धरतात. नंतर ओट्याला धरून टाचा वर, मग एका पायावर उभं राहणं. आमच्याकडे उठा-बसांचा आकडा वाढला तो या पुरवणीमुळे. नुसती सायकल चालू होती तोवर तो ढिम्म होता.

पट्ट्याऐवजी चुंबकाने जडपणा देणारं मॉडेल कितीतरी महाग पण शांत आणि वजनदार, सरकत नाही. गुडघ्यांची कायमची तक्रार असेल तर तेच घ्या. मोटारवालं, पाय आपोआप फिरवणारं यंत्र धडधाकट माणसाने घेऊ नये, मेहनत यंत्राचीच होते.

आणि वापर झाला की घडी करून खाटेखाली. हॉलच्या मधोमध राहिलेलं यंत्र रात्री बाथरूमला उठणाऱ्याच्या पायात येतं. घडीची खीळ पूर्ण बसल्याचा ‘खट्ट’ आवाज ऐकल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नये; कोकणातल्या दमट हवेत ती खीळ गंजून अर्धवट बसते, तिला महिन्यातून एकदा कोरडं फडकं आणि थोडं ग्रीस लागतं.