ट्रायपॉडचं मुंडकं आणि लांब उडीची आठ चित्रं : सात महिने वापरल्यावर

गेल्या शनिवारी सकाळी साडेसहाला, ओहोटीच्या ओल्या पुळणीवर, ट्रायपॉडचं मुंडकं तुटलं आणि फोन तोंडावर रेतीत पडला. फोनला काही झालं नाही, म्हणून हे जरा शांतपणे लिहितोय.

देवगड तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी पीटी शिकवतो. लांब उडीची पाच मुलं हाताशी आहेत. नोव्हेंबरात संच जमवला: सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन असलेला जुना फोन ७,२०० ला, ट्रायपॉड १,१९९ ला आणि लॅपटॉपवर किनोव्हिया, म्हणजे व्हिडिओतून वेळ आणि कोन मोजायचं सॉफ्टवेअर, जे फुकट आहे. शाळेने लॅपटॉप दिला, बाकी माझ्या खिशातून. बायकोला ट्रायपॉड ४०० चा सांगितलाय.

फोनबद्दल तक्रार नाही. बोर्डावर, म्हणजे उडी घ्यायच्या फळीवर, पाय टेकल्यापासून सुटेपर्यंत जेमतेम ०.१२ सेकंद जातात. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत त्याची तीन-चार चित्रं मिळतात आणि दोन चित्रांच्या मध्ये पोराचं धड वीतभर पुढे गेलेलं असतं. २४० ला अठ्ठावीस-एकोणतीस चित्रं. टाच टेकली, गुडघा किती दबला, कंबर पायावरून कधी गेली, सगळं सापडतं.

किनोव्हियाला मात्र मी पहिला महिनाभर शिव्या घातल्या. पाय बोर्डावर एक सेकंद, असं दाखवायचं. एक सेकंद बोर्डावर उभा राहणारा पोरगा उडी मारत नसतो, एसटीची वाट बघत असतो. चूक माझीच निघाली. फाइल ३० च्या वेगाने चालते, चित्रण २४० चं आहे, हे सॉफ्टवेअरला आपण सांगायचं असतं. आकडा आठपट फुगत होता. त्या शिव्या परत घेतो.

आता मुंडक्याकडे येतो.

ते पहिल्या दिवसापासून ढिलं होतं. स्क्रू कितीही आवळा, फोन आडवा लावला की पाच मिनिटांत एका बाजूला कलायचा. डोळ्याला कळणार नाही इतकाच, चार अंश. शाळेच्या मैदानावर मागे जांभ्याचा ओबडधोबड गडगा आणि त्याच्यावर आंब्याच्या फांद्या. सरळ रेषा कुठेच नाही, मग कल कळणार कसा?

दहावीतला एक पोरगा चित्रात उजवीकडून डावीकडे धावतो. त्याचा उड्डाणाचा कोन मोजला तर १३ अंश. चांगले उडीवाले २० च्या आसपास सुटतात. म्हणून मी दीड महिना त्याच्या कानाशी ओरडत राहिलो, "वर जा, वर जा!" नववीतल्या मुलीचा उडीचा पाय उजवा, म्हणून तिच्यासाठी कॅमेरा खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला. ती डावीकडून उजवीकडे. तिचा कोन २१. मी स्टाफरूममध्ये सांगत सुटलो की हिला जन्मजात उसळी आहे.

मग जानेवारीत एका रविवारी पुळणीवर गेलो. कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेला. घरी व्हिडिओ उघडला तर सगळा समुद्र डावीकडे, गोव्याकडे उतरलेला! उताराच्या दिशेने धावणाऱ्याचा कोन कमी, चढाच्या दिशेने धावणाऱ्याचा जास्त. दोन्ही पोरं सतरा अंशांचीच.

एवढ्यावर भागलं असतं तर ट्रायपॉडला माफ केलं असतं. पण पोराने माझं ऐकलं होतं ना! वर जायचं म्हणून तो शेवटचं पाऊल लांब टाकून पाय बोर्डावर आपटायला लागला. खरं तर शेवटून दुसरं पाऊल लांब, त्यात कंबर थोडी खाली, आणि शेवटचं आखूड, असं हवं. लांब टाकलेलं शेवटचं पाऊल म्हणजे ब्रेक. त्याची उडी वीतभर कमी झाली, आणि ती मी स्वतः शिकवून कमी केली होती. ११९९ रुपयांत हेही आलं.

तेव्हापासून चौकटीत ओळंबा असतो. शेजारच्या गवंड्याकडून मागून आणला आणि खड्ड्याच्या पलीकडे बांबूला टांगला. आधी दोरीला फोन जुळवायचा, मग धावा म्हणायचं. पुळणीवर त्याची गरज नाही, समुद्राची रेघ आयती मिळते. मात्र सकाळीच जा. संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि पोरं काळी सावली होतात. आधी असे व्हिडिओ मी पुसून टाकायचो. आता एखादा ठेवतो, कारण धडाची रेषा सावलीत फार स्वच्छ दिसते. डावा पाय कुठला नि उजवा कुठला, ते तेवढं विचारू नका.

व्हिडिओपेक्षा चित्रंच जास्त उपयोगी पडतील असं सुरुवातीला वाटलं नव्हतं. व्हिडिओ दाखवला की मुलं फक्त रेतीत कुठे पडलो ते बघतात. "सर, माका वाटलां मी लय वर गेलंय," एवढंच. मग एका उडीची आठ चित्रं काढली, त्यातली पाच शेवटच्या दोन पावलांची, आणि कागदावर ओळीने छापून शेडमध्ये चिकटवली. ब्लॅक अँड व्हाइट, दोन रुपये पान. त्या पोराने आपलीच चौथी आणि पाचवी आकृती बोटाने मोजली आणि म्हणाला, "सर, हय पाय लय फुडे पडता." मी काही बोललो नव्हतो. एकाच फोटोत सगळ्या आकृत्या गुंफून देणारी ॲपं दिसायला झकास, पण जिथे बघायचं त्या बोर्डावरच आकृत्या एकमेकींवर चढतात. पट्टीच बरी. १८७८ साली मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने धावत्या घोड्यासाठी १२ कॅमेरे ओळीत लावले होते, पण त्याच्या मागे स्टॅनफर्डसारखा श्रीमंत माणूस होता.

एक सूचना: व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पायाच्या जागी धुकं पोचतं. मुलींच्या घरी आधी विचारा.

आता सर्व्हिस. वॉरंटी एक वर्षाची, म्हणून फोन केला. ताईंनी विचारलं, "सर, प्रॉडक्ट समुद्राजवळ वापरलंत का?" मी खरं बोललो, तिथेच चुकलो. खारी हवा वॉरंटीत बसत नाही म्हणे. कोकणातल्या माणसाने ट्रायपॉड सोलापुरात नेऊन वापरायचा का? दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा समुद्राचं नाव काढलं नाही, तर त्यांनी गंजाचा फोटो मागितला.

सुताराने फणसाच्या फळीला फोनसाठी खाच पाडून दिली, १५० रुपये. बोल्ट पितळेचा. जड आहे, पण दोन दिवसांत केसभर कललेली नाही. ट्रायपॉडचे तीन पाय घरी दोडक्याच्या वेलाला लावलेत.

ओळंबा मात्र परत द्यायला हवा. गवंडी दोनदा येऊन मागून गेला, पावसाच्या आत त्याला एक भिंत उचलायची आहे.